इलेक्ट्रिक गाडीच्या पुढच्या चाकांची कुईकुई : नेमका भाग कुठला?

शांतगाडी

इलेक्ट्रिक एसयूव्ही, ४२ हजार किमी. सस्पेन्शन पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात), मागे ट्विस्ट बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी आडवी तुळई). ताशी दहा-पंधराच्या वेगाने स्पीडब्रेकर किंवा पेव्हर ब्लॉकवरून गेलं की पुढून, बहुतेक डावीकडून, कुईकुई येते. वेग वाढला की टायरच्या आवाजात बुडून जाते. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं तर आवाज नाही.

गॅरेजचा सल्ला : दोन्ही लोअर आर्म (चाक सांगाड्याला जोडणारे खालचे हात), दोन्ही शॉकअप, स्ट्रट माउंट, लिंक रॉड (स्टॅबिलायझर बारचं टोक जोडणारी काडी). म्हणजे पुढचं सगळंच काढून नवीन घाला.

प्रश्न असे :
१. एवढं सगळं बदलण्याआधी दोषी भाग घरच्या घरी ओळखता येतो का?
२. ग्रीस किंवा स्प्रे मारून भागतं का?
३. सोसायटीच्या पार्किंगमध्ये करण्याजोगं यातलं किती आणि गॅरेजवरच सोडावं असं किती?

कट्टेकरी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पहिला प्रतिसाद "आवाजाकडे दुर्लक्ष करा, गाणी लावा" असा येणार.

एकपेडल

गाणी लावा.

पाना१७

थट्टा बाजूला ठेवून.

गॅरेजने दिलेली यादी म्हणजे निदान नव्हे, अंदाज आहे. सगळे भाग बदलले की आवाज जाणारच, पण कशामुळे गेला ते कुणालाच कळत नाही. बिल मात्र सगळ्याचं येतं.

आधी आवाजाची जात ओळखा :

कुईकुई, करकर (दारं कुरकुरतात तसा लांबट आवाज) : रबर धातूवर चिकटतं, ताण वाढला की सटकतं, पुन्हा चिकटतं. स्टॅबिलायझर बारचे (वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेली आडवी दांडी) डी-बुश, म्हणजे तो बार धरणारे डी आकाराचे रबरी ठोकळे, लोअर आर्मचे रबरी बुश किंवा कोरडा पडलेला बॉलजॉईंट (आर्म आणि चाक जोडणारा गोळीचा सांधा).

टकटक, खडखड : कुठेतरी फट पडली आहे. लिंक रॉड, टाय रॉड एंड (स्टिअरिंगची दांडी चाकाला जोडणारं टोक), झिजलेला बॉलजॉईंट, ढिला बोल्ट.

स्टिअरिंग फिरवताना 'टंग' असा स्प्रिंग उडाल्यासारखा आवाज : स्ट्रटच्या माथ्यावरचं बेअरिंग अडकतंय.

धप्प : शॉकअप गळलाय किंवा बंप स्टॉप फुटलाय.

तुमच्या वर्णनात स्टिअरिंग फिरवताना आवाज नाही. त्यामुळे स्ट्रट बेअरिंग आणि टाय रॉड एंड यादीत बरेच खाली जातात. बॉलजॉईंटही थोडा खाली जातो, पण बाद होत नाही. शॉकअप सहसा कुईकुई करत नाही. तेलाचे ओघळ नसतील आणि बॉनेटचा कोपरा दाबून सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन स्थिरावत असेल, तर शॉकअप बदलायचं कारण दिसत नाही.

माझा पहिला संशय डी-बुशवर.

चेंबूरकर

+१ डी-बुश. एक प्रश्न : पाऊस पडत असताना आवाज येतो का? निम्मं निदान त्यातच आहे.

रबर ओलं झालं की पाणीच वंगणाचं काम करतं. भर पावसात गप्प आणि ऊन पडलं की पुन्हा सुरू, असं असेल तर बुश. उलट पावसाळा सरत आल्यावर आवाज सुरू झाला आणि हळूहळू वाढत गेला, तर बॉलजॉईंटच्या रबरी टोपीतून पाणी आत गेलंय, ग्रीस धुऊन गेलंय आणि गंज धरतोय असा संशय घ्यायचा.

मुंबईत हे जास्त का, तर जून ते सप्टेंबर गाडीची खालची बाजू नीट वाळतच नाही. वर समुद्राची खारी हवा.

शांतगाडी

@चेंबूरकर, पावसात आवाज येत नाही. कोरड्या दिवशी हमखास.

चेंबूरकर

मग बुशच. आता बाटलीची परीक्षा करा.

अर्धा लिटर साधं पाणी, तोंडाला नळी किंवा भोक पाडलेलं झाकण. एका वेळी एकच जागा भिजवायची, लगेच कोपरा दहा-बारा वेळा दाबून ऐकायचं. क्रम असा : आधी डावा डी-बुश, मग डाव्या आर्मचा पुढचा बुश, मग मागचा. जिथे पाणी घातल्यावर आवाज थांबेल तो गुन्हेगार. सगळीकडे एकदम पाणी मारलंत तर आवाज जाईल आणि माहिती काहीच मिळणार नाही. दोन जागांमध्ये वाळायला वेळ द्या, घाई असेल तर फडक्याने पुसून घ्या.

नुसता कोपरा दाबून आवाज निघत नसेल तर दोन माणसं लागतील. एकाने दाराच्या उंबऱ्यावर उभं राहून गाडी हलवायची, दुसऱ्याने चाकाच्या कमानीत कान लावायचा.

खड्डेपुराण

एवढा खटाटोप कशाला? गंज सोडवणारा स्प्रे मिळतो तो सगळीकडे मारा. पाच मिनिटांत आवाज गायब.

रबरबँड

@खड्डेपुराण, गायब होतो आणि काही दिवसांत जास्त जोमाने परत येतो. त्या स्प्रेमध्ये पेट्रोलियमजन्य द्रावक असतं. नैसर्गिक रबर पेट्रोलियम तेलाने फुगतं, मऊ पडतं आणि मग भेगाळतं. सस्पेन्शनचे बरेचसे बुश नैसर्गिक रबराचेच असतात. दुसरं, बॉलजॉईंटच्या टोपीत तो स्प्रे शिरला तर उरलंसुरलं ग्रीस पातळ करून बाहेर काढतो. साधं लिथियम ग्रीस रबरी बुशला चोपडणं हीसुद्धा तीच चूक, त्यातलं तेलही खनिजच असतं.

रबरावर चालतं ते सिलिकॉन. निदानासाठी सिलिकॉन स्प्रे, टिकाऊ कामासाठी सिलिकॉन ग्रीस. आणि स्प्रे मारताना डिस्क आणि ब्रेक पॅड प्लास्टिकच्या पिशवीने झाका. पॅडवर सिलिकॉन गेलं तर पॅड फेकावे लागतात, पुसून भागत नाही.

लिथियम ग्रीसची जागा बॉलजॉईंटच्या आत, धातू आणि धातूच्या मध्ये.

खड्डेपुराण

बरं बाबा. स्प्रे बिजागरीला ठेवतो.

एकपेडल

पण हे इलेक्ट्रिक गाड्यांमध्येच एवढं का ऐकू येतं? पेट्रोलच्या गाडीलाही तेच बुश असतात.

पाना१७

तीन कारणं, आणि पहिलं सगळ्यात मोठं.

इंजिन नाही. ताशी दहाच्या वेगाला पेट्रोल गाडीत इंजिन घरघरत असतं, पंखा फिरत असतो, त्यात बुशची कुईकुई ऐकू येत नाही. इथे झाकायला काहीच नाही.

दुसरं वजन. एकाच मॉडेलची बॅटरीवाली आवृत्ती पेट्रोलवालीपेक्षा बरेचदा दोन-तीनशे किलोने जड असते. स्प्रिंगा त्या हिशेबाने कडक केलेल्या असतात, पण आर्म आणि बुश काही मॉडेलांत तेच ठेवतात.

तिसरं रीजन, म्हणजे पेडल सोडलं की मोटरच ब्रेकसारखी गाडी रोखते आणि वीज बॅटरीत परत भरते ते. पुढच्या चाकांना मोटर असलेल्या गाडीत पेडल दाबलं की चाक आर्मला पुढे ढकलतं, पेडल सोडलं की लगेच मागे खेचतं. सिग्नल ते सिग्नल हेच चालू. तो पुढे-मागे ताण मुख्यतः लोअर आर्मचा मागचा मोठा बुश सोसतो. म्हणून त्याच्या रबरात चीर पडलेली बऱ्याचदा सापडते. पहार हलकेच घालून आर्म पुढे-मागे रेटला की चीर उघडते आणि दिसते. वरवरच्या बारीक रेषा म्हणजे चीर नव्हे. रबर धातूच्या नळीपासून सुटलेलं असेल किंवा चीर खोलवर गेली असेल तरच बदलायचा. काही गाड्यांत हा बुश आतून द्रव भरलेला असतो. त्यातून काळसर ओघळ आला असेल तर तो संपला.

कट्टेकरी

आमच्या इमारतीत एकजण अशीच कुईकुई करत फिरतात. पादचाऱ्यांसाठी बसवलेला सावधगिरीचा आवाज असावा असा सगळ्यांचा समज आहे. कुत्री बाजूला होतात.

एकपेडल

@कट्टेकरी :)) तो प्रकार खरोखरच असतो. युरोपात जुलै २०१९ पासून नव्या मॉडेलांना आणि जुलै २०२१ पासून सगळ्याच नव्या इलेक्ट्रिक गाड्यांना हळू वेगात कृत्रिम आवाज सक्तीचा आहे, साधारण ताशी २० किमीपर्यंत आणि रिव्हर्समध्येही. योगायोगाने बुशची कुईकुईही त्याच वेगात ऐकू येते.

खड्डेपुराण

म्हणजे गॅरेजवाले म्हणू शकतात, साहेब, हे फीचर आहे.

वसईकर मिस्त्री

डी-बुशचं काम कसं करायचं ते कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

हा बार दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडतो. एकच चाक उचललं की बारला पीळ बसतो आणि क्लॅम्प सोडताना तो पान्यासकट अंगावर येतो. म्हणून दोन्ही पुढची चाकं एकाच उंचीवर हवीत. दोन्ही जमिनीवर, नाहीतर दोन्ही रॅम्पवर.

१. खालचं प्लास्टिकचं कव्हर काढा. क्लिपा तुटतात, चार-सहा जास्तीच्या आणून ठेवा.

२. प्रत्येक बाजूला एक क्लॅम्प, दोन बोल्ट. आदल्या दिवशी बोल्टवर गंज सोडवणारं तेल लावून ठेवा, पण रबराला लागू देऊ नका. बऱ्याच गाड्यांत मागचा बोल्ट सबफ्रेमच्या (सस्पेन्शन जिच्यावर बसतं ती खालची चौकट) वर दडलेला असतो आणि सबफ्रेम खाली घेतल्याशिवाय पाना बसत नाही. तसं असेल तर तिथेच थांबा. सबफ्रेमला हात घालणं पार्किंगमधलं काम नाही.

३. बुशला एका बाजूला काप असतो. तो पुढे आहे की मागे, मोबाइलवर फोटो काढा. नवा तसाच बसवायचा.

४. जुना बुश निघाला की बार पुसून बघा. सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आणि नेमकी हीच गाळली जाते. रंग उडून गंजाचे खड्डे पडलेले असतील तर नवा बुशसुद्धा लवकरच कुईकुई करणार. चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, पुसा, पातळ रंग द्या, पूर्ण वाळू द्या.

५. व्हर्नियरने बारचा व्यास मोजा. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत बार एखाद मिलिमीटरने जाड-बारीक असू शकतो. सैल बुश खडखडतो, घट्ट बुश करकरतो.

६. बुशच्या आत सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात, दोन-तीन ग्रॅम पुरे. मात्र आत कापडासारखं किंवा चकचकीत अस्तर असेल तर कोरडाच बसवा, ते अस्तर त्यासाठीच असतं. सरकत नसेल तर साबणाचं पाणी.

७. क्लॅम्पचे दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. शेवटचा ताण टॉर्क पान्याने, आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. अंदाजाने आवळलेल्या क्लॅम्पचे कान वाकतात.

काही मॉडेलांत बुश बारला कारखान्यातच भाजून चिकटवलेला असतो. रबर बारवरून सरकतच नाही. तिथे बुश सुटा मिळत नाही, अख्खा बार घ्यावा लागतो. पार्ट मागवण्याआधी हे बघून घ्या.

रबरबँड

मिस्त्रींना दंडवत. वाचनखूण साठवली.

भरतीओहोटी

गाडीखाली शिरण्याआधीच्या गोष्टी कुणीतरी लिहायला हव्यात. इलेक्ट्रिक गाडी पेट्रोल गाडीसारखी जॅकवर घ्यायची नसते.

मधला सगळा तळ म्हणजे बॅटरीची पेटी. ट्रॉली जॅक तिथे लागला तर पेटी चेपते आणि तो खर्च सगळ्या सस्पेन्शनच्या कितीतरी पट. जॅक फक्त उंबऱ्याखाली खूण केलेल्या जागी, मध्ये रबरी ठोकळा ठेवून. गॅरेजमध्ये लिफ्टचे हात कुठे टेकवतायत तेही उभं राहून बघा.

घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड) तीन टनी, जोडीने. गाडीसोबत मिळणाऱ्या कैची जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

गाडी 'पी'मध्ये, हँडब्रेक, मागच्या चाकांना ओंडके. किल्ली घरात. ही गाडी चालू आहे की बंद, हे कानाला कळत नाही आणि किल्ली खिशात असली की काही मॉडेलं नुसता ब्रेक दाबल्यावर जागी होतात. स्टिअरिंग फिरवून बघायची परीक्षा असेल तेवढ्यापुरता एक माणूस सीटवर, आणि त्या वेळी गाडीखाली कुणी नाही.

नारिंगी वेष्टनाच्या केबलींमध्ये बॅटरीचा उच्च विद्युतदाब असतो, त्यांना हात, पाना, पहार काहीही लावायचं नाही. एसीचा काँप्रेसरसुद्धा त्याच दाबावर चालतो आणि तो पुढेच असतो. पहारीचा टेकू घेताना बॅटरीच्या कूलंटच्या नळ्याही सांभाळा.

पोडियमच्या उतारावर काम नाही. स्टॅक पार्किंगच्या पाळण्यावर तर नाहीच नाही.

कट्टेकरी

आणि सेक्रेटरींची परवानगी. तेलाचा एक डाग पडला की व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटोसकट नोटीस.

वसईकर मिस्त्री

खाली जुना पुठ्ठा अंथरा. तसं या कामात तेल सांडत नाही.

मुलुंडवासी

वर बॉलजॉईंटचा उल्लेख आला. त्यात ग्रीस भरता येतं का? जाड सुई आणि सिरिंज घेऊन टोपीतून आत ढकलताना व्हिडिओत दाखवतात.

पाना१७

निदान म्हणून चालतं, दुरुस्ती म्हणून नाही. एक-दोन मिली ग्रीस आत गेलं आणि आवाज थांबला, तर तोच जॉईंट हे पक्कं. पण टोपीला भोक पडलं, आता पाणी हक्काने आत येणार. आत गंज धरलेला असेल तर ग्रीस काही काळ आवाज झाकतं, झीज चालूच राहते.

सुईऐवजी हा उपाय : टोपीची वरची कड तारेच्या कड्याने धरलेली असेल तर कडं काढून प्लास्टिकच्या पट्टीने कड उचला, ग्रीस घाला, कडं परत बसवा. भोक नाही.

रबरबँड

माझा या दोन्हीला विरोध. गाडी वॉरंटीत असेल तर टोपीला हात लावायचाच नाही. भोक दिसलं की क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं. आणि लोअर बॉलजॉईंट निसटला तर चाक बाहेर फेकलं जातं, गाडी जागीच बसते. ज्या भागावर चाक टिकून आहे त्यात 'काही काळ' हा हिशेब मला पटत नाही.

पाना१७

वॉरंटीबद्दल मान्य. वॉरंटी संपलेल्या गाडीत निदानापुरता माझा मुद्दा कायम. आवाज नेमका कुठून येतोय हे न कळता दोन्ही आर्म बदलण्यापेक्षा एका जॉईंटची टोपी गेलेली परवडते, तो बदलायचाच असतो.

भरतीओहोटी

भोक न पाडताही कळतं. एकाने जागेवर स्टिअरिंग हळूहळू इकडून तिकडे फिरवायचं, दुसऱ्याने बाजूला बसून बॉलजॉईंटच्या घरावर बोट टेकवायचं. खराब जॉईंटमध्ये वाळू दळल्यासारखी थरथर बोटाला लागते. लांब लाकडी दांडा जॉईंटवर टेकवून दुसरं टोक कानाजवळ धरलं तरी चालतं. तशीच थरथर स्प्रिंगवर लागली तर वरचं बेअरिंग. फक्त बोटं स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये घालू नका, बाहेरून टेकवा.

आणि झीज बघायची तर चाक हवेत घेऊन टायरखाली पहार घालून वर उचला. मॅकफर्सनमध्ये गाडीचं वजन स्प्रिंगमधून थेट नकलवर (चाकाचं हब धरणारा भाग) येतं. चाक लोंबकळत असलं की लोअर बॉलजॉईंटवर फारसा भार नसतो, त्यामुळे फट असेल तर उघड दिसते. चाक वरखाली धरून हलवलं आणि खेळ जाणवला तर बॉलजॉईंट किंवा व्हील बेअरिंग. आडवं धरून हलवल्यावर जाणवला तर टाय रॉड.

एकपेडल

बऱ्याच महागड्या इलेक्ट्रिक गाड्यांत पुढे डबल विशबोन (वर-खाली दोन आर्मची रचना) असतं, त्यांच्या वरच्या आर्मचाही हाच त्रास. काही रचनांत वरच्या बॉलजॉईंटच्या जागी पाणी साठून राहतं. तिथे स्ट्रट बेअरिंगचं काही ऐकू नका, आधी वरचा आर्म बघा.

खड्डेपुराण

हे सगळं वाचून पद्मिनी टॅक्सीची आठवण आली. मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमची गेली. त्या काळच्या गाड्यांना ठिकठिकाणी ग्रीस निपल. ग्रीस गन लावायची, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबायची, काम झालं. आता सगळं सीलबंद आणि सील गेलं की आर्म कचऱ्यात.

चेंबूरकर

@खड्डेपुराण, ती गन ठरावीक किमीला न चुकता मारावी लागायची, ते विसरू नका. सीलबंद जॉईंट कुणी हात न लावता लाखभर किमीसुद्धा जाऊ शकतो, टोपी शाबूत असेल तर. टोपी फाटली आहे का हे दर टायर रोटेशनला टॉर्च मारून बघितलं की पुरे.

खड्डेपुराण

मॅकफर्सन हे माणसाचं नाव हे मला हल्लीच कळलं. आजवर कंपनीच समजत होतो.

पाना१७

अर्ल मॅकफर्सन, अमेरिकन इंजिनिअर. जनरल मोटर्समधून फोर्डकडे गेले. १९५० च्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिरमध्ये ही रचना आली. जागा कमी लागते, भाग कमी लागतात, म्हणून लहान गाड्यांनी उचलली आणि अजून सोडली नाही. बरं, धागा भरकटून काश्मीरला पोचायच्या आत परत मुद्द्यावर.

मुलुंडवासी

लोअर आर्म बदलायचाच झाला तर काय बघायचं? अख्खा आर्म घ्यावा की फक्त बुश प्रेस करून घ्यावा?

वसईकर मिस्त्री

बॉलजॉईंटही थकला असेल तर अख्खा आर्म. बॉलजॉईंट घट्ट आणि टोपी शाबूत असेल तर बुश प्रेस करून घेता येतात, पण हायड्रॉलिक प्रेसवर. घण आणि पाइपचा तुकडा घेऊन ठोकणाऱ्याकडे देऊ नका, आर्मचं घर अंडाकृती होतं. शिवाय मागच्या बुशला बऱ्याचदा दिशा असते, रबरातल्या पोकळ जागा ठरावीक कोनात यायला हव्यात. जुना काढण्याआधी आर्मवर मार्करने रेघ मारून घ्या.

आता नवे बुश लवकर मरण्याचं मोठं कारण. आर्मचे बोल्ट चाक हवेत लोंबकळत असताना आवळले जातात. या बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं, ते घसरत नाही, पिळलं जातं. आर्म खाली लोंबत असताना बोल्ट आवळला की तीच स्थिती रबराची 'शून्य' होते. गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं. मग करकर, आणि काही हजार किमीत चीर.

योग्य पद्धत :

काम सुरू करण्याआधी, गाडी सपाट जमिनीवर असताना, हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून लिहून ठेवा. दोन्ही बाजूंचं.

आर्म बसवताना सगळे बोल्ट फक्त हाताने लावा. बॉलजॉईंटचा बोल्ट पूर्ण आवळला तरी चालतो, त्याचा पिळाशी संबंध नाही.

आता नकलखाली जॅक लावून हळूहळू उचला, मोजलेलं अंतर येईपर्यंत. गाडी घोडीवरून उचलली जायला लागली तर थांबा आणि ती पद्धत सोडा. चाकं लावून रॅम्पवर घ्या आणि तिथे आवळा.

मग टॉर्क. ज्या बोल्टना मॅन्युअलमध्ये टॉर्कनंतर अंशांचा कोन दिलेला असतो ते एकदाच वापरायचे, नवे घ्यायचे. नायलॉनच्या कड्याचे नटही नवे.

एबीएस सेन्सरची वायर आणि ब्रेकचा होज क्लिपांतून आधी सोडवा. बॉलजॉईंट सुटत नसेल तर पुलर वापरा. काट्याची पहार ठोकली की टोपी फाटते, म्हणजे जुना आर्म ठेवायचा असेल तर संपलंच. आणि हे झाल्यावर व्हील अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी वापरू नका.

एकपेडल

रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुश घातले तर? आयुष्य जास्त म्हणतात.

रबरबँड

आयुष्य जास्त, शांतता कमी. पॉली बुशमध्ये आतली नळी सरकते, म्हणून आत खास ग्रीस लागतं. ते वाळलं की कुईकुई पुन्हा हजर, आणि दर वेळी उघडून भरायचं. शिवाय कडक असल्यामुळे काँक्रीट रस्त्याच्या सांध्यांचा प्रत्येक ठोका केबिनमध्ये. रेसिंगला ठीक, मुंबईच्या एलबीएस रोडला नको.

मुलुंडवासी

पार्ट कुर्ल्याला सीएसटी रोडवर बघावेत का?

चेंबूरकर

मिळतात, पण पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. शेवटचं अक्षर बदललं की बुशची बनावट बदललेली असू शकते, आणि पेट्रोल आवृत्तीचा आर्म तसाच दिसतो म्हणून 'चालून जाईल' सांगणारे असतात. खोक्यावर एमआरपी आणि महिना-वर्ष छापलेलं लेबल हवं. रबर अंगठ्याने दाबून वाकवा, बारीक भेगा दिसल्या तर जुना माल आहे. सुट्टे, खोक्याविना, चकचकीत काळा रंग मारलेले आर्म घेऊ नका. तो रंग बॉलजॉईंटच्या टोपीवरही उडालेला असेल तर ओळखून जा.

शांतगाडी

बाटलीची परीक्षा केली. डावा डी-बुश भिजवला आणि आवाज बंद. आर्मचे दोन्ही बुश भिजवून काही फरक पडला नव्हता. क्लॅम्पचे दोन्ही बोल्ट खालून दिसतात, सबफ्रेम आड येत नाही. बुशच्या आत अस्तर नाही. गाडी वॉरंटीत आहे. आता स्वतः करू की सर्व्हिस सेंटरला देऊ?

आणि एक नवीन : 'डी' मधून 'आर'मध्ये टाकून निघताना पुढून एकच 'टक' येतो. हाही त्यातलाच का?

पाना१७

वॉरंटीत आहे म्हणून आधी सर्व्हिस सेंटर. मात्र जॉब कार्डवर "पुढून आवाज" एवढंच लिहू देऊ नका. असं लिहून घ्या : "ताशी १० ते १५ किमीला, कोरड्या रस्त्यावर, डावीकडून कुईकुई, डावा स्टॅबिलायझर बुश पाण्याने भिजवल्यावर आवाज थांबतो." टेक्निशियनला शेजारी बसवून एक फेरी मारा आणि सही त्यानंतर करा. बुश त्यांच्या लेखी झिजणारा भाग असेल तर वॉरंटीत येणार नाही, ते वॉरंटीच्या पुस्तिकेत बघा. नाही आला तर मिस्त्रींच्या सात पायऱ्या आहेतच. डावा-उजवा दोन्ही बदला, एकटा डावा नको.

'टक'चा याच्याशी संबंध नाही. मोटरचा ताण उलटला की ड्राइव्ह शाफ्टचं टोक आणि हब यांच्यामधला कोरडा पृष्ठभाग सरकतो आणि टक होतो. इलेक्ट्रिक मोटरचा टॉर्क तत्काळ येतो, म्हणून जास्त जाणवतो. उपाय म्हणजे अॅक्सल नट काढून शाफ्ट जरा मागे सरकवायचा, टेकणारा पृष्ठभाग आणि खाचा साफ करायच्या, ग्रीस लावायचं आणि नवीन नट टॉर्कने आवळायचा. जुना नट परत वापरायचा नाही. हेही जॉब कार्डवर वेगळी तक्रार म्हणून लिहा, एकाच ओळीत कोंबू नका.

भरतीओहोटी

आवाज एकच असेल तरच हे. प्रत्येक वळणावर टक-टक-टक अशी माळ लागली तर बाहेरचा सीव्ही जॉईंट (ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाचा वळता सांधा) गेला. त्याचा बूट फाटलाय का ते आधी बघा, चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसतील.

मुलुंडवासी

आणि ब्रेकची कुईकुई कशी वेगळी ओळखायची? रीजनमुळे पॅड वापरलेच जात नाहीत.

रबरबँड

चालत्या गाडीत आवाज येत असताना ब्रेकवर हलका पाय ठेवा. आवाज बदलला किंवा थांबला तर पॅड, पॅडच्या क्लिपा किंवा कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिना. खड्ड्याशिवाय, सपाट रस्त्यावरही चाकाच्या फेऱ्यागणिक येत असेल तरीही तेच. डिस्कवरचा गंज घालवायला रीजन शून्यावर ठेवा आणि मागे कुणी नसताना ताशी साठवरून चार-पाच वेळा नेहमीच्या ब्रेकने वेग उतरवा. पिना कोरड्या असतील तर काढून, पुसून, ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस.

वसईकर मिस्त्री

@शांतगाडी, बुश बदलायला घ्याल तेव्हा लिंक रॉडही हाताने हलवून बघा.  बदलायचा झाला तर नट फिरवताना मधला खिळा सोबत फिरतो, त्याच्या टोकाला षटकोनी खाच असते, तिथे ॲलन की धरायची. आत गंज असेल तर आधी तारेच्या ब्रशने साफ करा, नाहीतर खाच गोल होते आणि मग कटर.